जावयाच्या गाडीची गळकी टाकी

चहा ओतून घ्या आधी, कारण हे सगळं ऐकायला दम लागतो. गेल्या धोंड्याच्या महिन्यात माझ्या हातून असा एक गाढवपणा झाला, की तो साध्या माणसाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. त्याला रसायनशास्त्रातली पीएच.डी. लागते. ती माझ्याकडे आहे, त्याला मी तरी काय करू?

आमचे जावई केदारराव म्हणजे माणूस लाखात एक. सुपारीचंही व्यसन नाही, आवाज कधी चढत नाही. पण प्रत्येकाला कुठलं ना कुठलं खूळ असतंच ना? यांनी एक लाल स्पोर्ट्स कार घेतली. जुनी, परदेशी बनावटीची, दोनच माणसांची. इतकी बुटकी, की आत बसायचं ते पाटावर बसल्यासारखं, आणि बाहेर पडायचं म्हणजे आमच्या वयात हाताला धरायला दोन माणसं बोलवायची.

मुंबईत त्यांच्या सोसायटीत पार्किंगचं काम निघालं आणि नेमकं तेव्हाच ऑफिसनं त्यांना तीन आठवड्यांसाठी बंगळूरला पाठवलं. मग गाडी ठेवायची कुठे? सासऱ्याकडे! डहाणूला आमची छोटीशी चिकूची वाडी आहे, वाडीत पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये माझी चौदा वर्षांची पांढरी गाडी एकटीच उभी असते.

निघताना केदारराव म्हणाले, "बाबा, रोज सकाळी फक्त दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. बॅटरी उतरायला नको. आणि कूलंटच्या टाकीवर जरा नजर असू द्या."

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं गुलाबी पाणी. ते संपलं की इंजिन तापतं, तापलं की जाम होतं, आणि जाम झालं की सासरा आयुष्यभर जावयाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. 'नजर असू द्या' हे ते सहज बोलून गेले असतील. मला मात्र तेव्हापासून जेवण जाईना.

आता तुम्ही विचाराल, एवढं घाबरायचं कारण काय? कारण आहे. कारणाचं नाव मुग्धा. माझी मुलगी. गेल्या वर्षी मी रिव्हर्स घेताना फाटकाचा खांब आडवा केला होता. खांब जुना होता, आधीच कललेला होता, हे सगळं मी तिला आकृती काढून समजावलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, यापुढे गाडीच्या बाबतीत आणखी एक गोंधळ झाला, तर चावी मी घेऊन जाणार." मुग्धा बँकेत अधिकारी आहे. ती धमकी देत नाही, नोटीस देते.

आणि चावी गेली म्हणजे माझा शनिवार गेला. दर शनिवारी मी तलासरीच्या पुढे वेवजीला जातो, तिथल्या शाळेत दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायला. फुकट, हौसेनं. मुलं गावाच्या तोंडाशी माझ्या गाडीची वाट बघत उभी असतात. बहात्तराव्या वर्षी कुणी आपली वाट बघतं, ही काय साधी गोष्ट आहे? घरी माझी वाट फक्त रक्तदाबाची गोळी बघते!

तर पहिल्याच दिवशी मी लाल गाडीचं बॉनेट उघडलं. टाकी प्लॅस्टिकची, जुनी, पिवळी पडलेली. माझा डावा डोळा मोतीबिंदूचा. बारकाईनं पाहिलं तेव्हा वर मानेजवळ एक रेघ दिसली. आणि पाणी? रेघेच्या कितीतरी खाली! डिकीत कूलंटचा कॅन होता. त्यातून टाकी रेघेपर्यंत भरली. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत फ्लास्क भरला तशीच. डोळा रेघेच्या पातळीत, शेवटचे थेंब ड्रॉपरनं. हात पुसले, इंजिन सुरू केलं, दहा मिनिटं घड्याळ लावून बसलो.

बंद करून खाली पाहतो तर काय! पुढच्या चाकाजवळ जमिनीवर गुलाबी डबकं.

"सुमती!" मी अशी हाक मारली की बायको हातातला झारा घेऊनच धावत आली.

"काय झालं? पडलात?"

"गळती! गाडी गळते आहे!"

तिनं वाकून पाहिलं. "गुलाबाच्या सरबतासारखं दिसतंय की हो."

"हात लावू नकोस! विष आहे ते. चवीला गोड असतं, मांजरानं चाटलं तर मांजर जाईल!"

झालं. आता भीती एक राहिली नाही, दोन झाल्या. मी डबक्यावर आधी माती टाकली, मग ती माती उचलून पुरली. पुढच्या दिवसापासून गाडीखाली स्टीलचा ट्रे ठेवला, त्यावर कोंबड्यांचं डालं पालथं घातलं, आणि आमची मनी शेडकडे वळली की मी काठी घेऊन उभा! मनीला तर वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

पण मी शास्त्राचा माणूस. नुसतं घाबरून कसं चालेल? पद्धतशीर घाबरलं पाहिजे. मी वही केली. रोज सकाळी गाडी थंड असताना टाकी पाहायची. पाणी रेघेच्या खाली गेलेलं असायचंच. ट्रेमधलं पाणी मोजपात्रात मोजायचं, फिल्टर पेपरमधून गाळायचं आणि परत टाकीत ओतायचं. कूलंट वाया का घालवा? रेघेपर्यंत भरलं की इंजिन सुरू. दहा मिनिटं. पुन्हा ट्रेमध्ये टपटप. वहीत नोंद: गळती साठ मिली. दुसऱ्या दिवशी साठ. तिसऱ्या दिवशी बासष्ट.

बासष्ट! गळती वाढते आहे!

रोज फोन यायचा मुग्धाचा. "बाबा, गाडी बरी आहे ना?"

"उत्तम."

"आवाज का असा येतोय तुमचा?"

"उत्तम आहे म्हटलं ना!"

आता प्रश्न एकच. टाकी दुरुस्त करायची की बदलायची? मी कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे दुरुस्ती, उजवीकडे बदल. दुरुस्ती केली तर मूळचा भाग गाडीत राहतो, जुन्या गाडीत त्याला मान असतो. पण ठिगळ दिसणार, म्हणजे पुरावा. बदलली तर ठिगळ नाही. पण सगळ्या पिवळ्या जुन्या सामानात एकच वस्तू पांढरीशुभ्र चमकणार. तोही पुरावाच! तीन दिवस मी मुद्दे वाढवत गेलो. शेवटी मोजले. डावीकडे अकरा, उजवीकडे अकरा.

सुमती म्हणाली, "आपल्या लग्नाच्या वेळी केला होतात का असा तक्ता?"

"केला होता."

"मग?"

"बरोबरी झाली होती. तुझ्या वडिलांनी तारीख काढली म्हणून सुटलो."

त्यानंतर तिनं मला चहा दिला, पण कप जरा आपटूनच ठेवला.

शेवटी मी हरेश तांडेलला बोलावलं. हरेश धाकटी डहाणूचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. माझा जुना विद्यार्थी. हे लोक वस्तू बदलत नाहीत हो! भर समुद्रात दुकान कुठे असतं? फुटलं की तिथंच जोडायचं, आणि जोडलं की दहा वर्षं चालवायचं, अशी यांची रीत. हरेश आला, लाल गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "सर, ही गाडी तुम्ही घेतली?"

"जावयाची आहे."

"मग बरोबर," तो म्हणाला. काय बरोबर, ते काही मी विचारलं नाही.

त्यानं टाकी काढली, रिकामी केली, तोंडं बंद केली, बादलीत बुडवली आणि नळीनं हवा भरली. बोटीच्या सामानाची गळती अशीच बघतात. आम्ही दोघं बादलीवर वाकून बसलो. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

"सर, बुडबुडा नाय येत."

"येणार नाही. आत्ता थंड आहे ती."

"सर, फुटली असती तर थंड असताना पण..."

"हरेश," मी म्हणालो, आणि माझा वर्गातला आवाज लागला, "उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात. बारावीला शिकवलं होतं ना? चीर इतकी सूक्ष्म आहे, की टाकी तापल्याशिवाय ती उघडतच नाही. इंजिन तापतं, चीर उघडते, पाणी गळतं. थंड झालं, चीर बंद. समजलं?"

हरेश उभा राहिला. अहो, खरंच उभा राहिला, वर्गात राहायचा तसा! "सर, पाणी किती भरता?"

"खुणेपर्यंत. काटेकोर."

"मग तुम्ही म्हणता तसंच असेल, सर."

त्याचं काय चुकलं सांगा? चाळीस वर्षं मी या तालुक्यात मुलांना एकच शिकवलं, सरांना उलट विचारायचं नाही. आता त्याचं फळ मिळत होतं.

"मग लावू कुठं?" त्यानं विचारलं. बोटीला लावतात तो फायबरचा लेप घेऊनच आला होता तो.

"चीर कुठे आहे ते दिसत नाही ना?"

"नाय, सर."

"मग सगळीकडे लाव."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी येऊन गेलं. पण लावला बिचाऱ्यानं. मी एक खबरदारी घेतली. लेपाखाली रेघ झाकली जाणार म्हणून आधी पट्टीनं बुडापासून तिची उंची मोजून घेतली आणि लेप वाळल्यावर बरोबर त्याच उंचीवर काळ्या मार्करनं नवी रेघ काढली. मिलिमीटरचाही फरक नाही! लेपावर हरेशनं रंग दिला. त्याच्याकडे एकच रंग होता, होडीचा निळा. लाल गाडीच्या पोटात ती निळी टाकी अशी दिसत होती, जणू कुणी इंजिनात होडीच नांगरून ठेवलीय.

"सर, पाण्यात सोडायच्या आधी नारळ फोडतो आम्ही," हरेश म्हणाला.

"फोड बाबा. फोड."

नारळ फोडला, खोबरं वाटलं, टाकी काळ्या रेघेपर्यंत भरली, इंजिन सुरू केलं. मी डोळे मिटून घेतले. दहा मिनिटांनी सुमतीचा आवाज आला, "अहो, टपटपतंय."

म्हणजे दुरुस्ती फुकट! शिवाय धोंड्याचं जेवण चार दिवसांवर. अधिक महिना, जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, आणि त्यासोबत काय? जाम झालेलं इंजिन?

तलासरीला हायवेवर जिग्नेशभाईंचं गॅरेज आहे. वेवजीला जाता-येता हवा भरायला थांबतो, तेवढीच ओळख. मी औषधाच्या बाटलीत गळतीचा नमुना भरला, त्यावर तारीख-वेळेची चिठ्ठी चिकटवली आणि माझ्या पांढऱ्या गाडीनं त्यांच्याकडे गेलो.

जिग्नेशभाईंनी बाटली उजेडात धरली. "शुं साहेब, लघवी टेस्टिंगचं दुकान समोर आहे ने!"

"कूलंट आहे हो. टाकी गळते. दुरुस्त केली तरी गळते."

"साहेब, पाणी बराबर भरता ने? वधारे, जास्ती नाय ने?"

"खुणेपर्यंत!" मी जरा चिडूनच म्हणालो. "मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक होतो."

"एम के, असं? मग तर काय सवालच नाय. बदली टाका! रिपेरिंगमध्ये टाइम बगाडायचा नाय. मी मुंबईवरून नवी मागवतो, तीन दिवसांत हाजर."

इतक्या ठामपणे माझ्या आयुष्यात कुणी निर्णय घेतला नव्हता. मला रडूच यायचं बाकी होतं. अकरा विरुद्ध अकरा होतं, जिग्नेशभाईंनी बारावं मत टाकलं.

नवी टाकी आली ती जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी, खोक्यात बंद. हरेश दुपारी येऊन बसवणार होता. म्हणजे उद्या केदारराव यायच्या आत सगळं चोख! मी कितीतरी दिवसांनी पोटभर पोहे खाल्ले. शेवटचा घास तोंडात होता आणि फाटकाशी रिक्षा थांबली.

"सरप्राइज!" मुग्धाचा आवाज. मागून केदारराव, हातात बॅगा. एक दिवस आधी!

सुमतीनं माझा दंड धरला आणि कुजबुजली, "आत्ता एक शब्द बोलू नका. आज जेवू दे त्यांना, उद्या वाण होऊ दे, मग सांगा." तिनं दोघांना पाणी दिलं. मग काय तिच्या मनात आलं कुणास ठाऊक, मला भिऊनच असेल, म्हणाली, "आलाच आहात तर वाण आजच देऊन टाकू. मुहूर्त चांगला आहे." पाट मांडला, औक्षणाचं ताट आणलं. केदारराव पाटावर बसले. अनारशांचं ताट समोर ठेवलं. निरांजनाची ज्योत त्यांच्या चेहऱ्यासमोरून एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. ते माझ्याकडे बघून इतकं निर्मळ हसले, की माझ्यानं राहवेना.

"केदारराव, तुमची टाकी फुटली!"

सुमतीचा हात हवेतच थांबला. मुग्धा म्हणाली, "काय?"

"कूलंटची. मी दुरुस्त केली, ती निळी झाली, तरी गळते. नवी आणली आहे. इंजिनाला काही झालेलं नाही. बहुधा. मला माफ करा."

केदारराव पाटावरून उठले ते थेट शेडकडे. त्यांच्यामागे मुग्धा, तिच्यामागे सुमती ताटासकट, आणि सगळ्यात शेवटी मी, वही घेऊन. बॉनेट उघडलं. केदाररावांनी त्या निळ्या टाकीवरून बोट फिरवलं.

"बाबा," ते अगदी हळू म्हणाले, "ही काळी रेघ कसली?"

"खुणेची. मूळ जागेवरच आहे. मोजून काढली आहे."

त्यांनी नवी टाकी खोक्यातून काढली आणि जुनीच्या शेजारी धरली. नव्या टाकीवर खूण अगदी ठसठशीत होती. माझ्या काळ्या रेघेच्या तब्बल चार बोटं खाली.

"मग ती वरची रेघ?" मी विचारलं.

"ती साच्याची शिवण आहे, बाबा. टाकीचे दोन अर्धे भाग जोडतात ना, तिथली. खरी खूण झिजली असेल." मग त्यांनी माझी वही मागितली. पानं उलटली. "सोमवार, गळती साठ मिली, ओतलं साठ मिली. मंगळवार, गळती साठ, ओतलं साठ. बाबा, टाकीत जागा नसली की जास्तीचं पाणी या नळीतून खाली जातं. तुम्ही तेच उचलून परत वर ओतत होतात."

"पण मी विचार केला, उष्णतेनं चीर प्रसरण पावते..."

"आणि पाणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मनी शेडच्या दारात येऊन बसली होती, आणि तीसुद्धा माझ्याकडेच बघत होती.

उष्णतेनं पाणी प्रसरण पावतं. घालाल तेवढंच निघतं, वस्तुमान कुठे जात नाही. माझ्याकडे शिकलेली इतकी मुलं हे दोन नियम लिहून पास झाली. एक टिपूससुद्धा गळत नव्हता हो त्या टाकीतून! जी फुटलीच नव्हती ती मी दुरुस्त केली, आणि जी बदलायची नव्हती ती मी मागवली.

मुग्धानं हात पुढे केला. "चावी, बाबा."

मी खिशातून चावी काढली. डोळ्यांसमोर वेवजीची मुलं आली, रस्त्याकडे बघत उभी असलेली. आणि अनपेक्षितपणे सुमती मध्ये पडली. औक्षणाचं ताट अजून तिच्या हातातच होतं.

"चावी कशाला घेतेस? हे गाडी चालवतात तेव्हा काही होत नाही. गाडी उभी असली की मगच हे तिच्या मागे लागतात. यांना गाडी चालवू दे, फक्त उघडू देऊ नकोस."

केदारराव हसायला लागले. मग मुग्धाही. माझ्याकडून तिथल्या तिथे शब्द घेतला: चावी माझ्याकडे राहील, पण आजपासून मी कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडणार नाही. कुठल्याही म्हणजे कुठल्याही. मी आनंदानं दिला. चारदा दिला!

पुढचा शनिवार. मी पांढऱ्या गाडीनं वेवजीला निघालो. मन हलकं, हवा छान, केदाररावांची गाडी सुखरूप मुंबईला गेलेली. तलासरी जवळ आली आणि समोरचा एक काटा, जो आजवर मी कधी हललेला पाहिला नव्हता, तो लालमध्ये जाऊन उभा. बॉनेटमधून वाफ! कशीबशी गाडी जिग्नेशभाईंच्या दारात नेली, खाली उतरलो आणि दहा पावलं लांब जाऊन पाठ फिरवून उभा राहिलो. शब्द दिला होता ना!

जिग्नेशभाईंनी गाडी निवू दिली, बॉनेट उघडलं, आणि ओरडले, "साहेब! ह्यात तर टिपूस नाय! छेल्लं, लास्टचं पाणी कधी बघितलं?"

मी आठवायला लागलो. दिवाळी? नाही, त्याच्याही आधी. म्हणजे बघा, एकाच शेडमध्ये दोन गाड्या. एकीला मी रोज ठसका लागेपर्यंत पाजत होतो, आणि दुसरी शेजारी उभी राहून कोरड्या घशानं ते बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला. मुग्धा.

"बाबा, पोचलात वेवजीला?"

"हे काय, तलासरी आली. पोचतोच."

"गाडी ठीक आहे ना?"

"उत्तम."

आणि मागून, हायवेवरच्या ट्रकचा आवाज कापत, जिग्नेशभाई: "साहेब, पाणी किती भरू? कुठपर्यंत?"

मग मुग्धा म्हणाली, "बाबा, त्यांना फोन द्या."

दिला. जिग्नेशभाई ऐकत होते. "हो बेन. हो बेन. बराबर, बेन." फोन मला परत केला, माझ्या गाडीची चावी काढून घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "बेन बोलली, चावी हमणां माझ्याकडे. चला, वेवजीला मी सोडतो. बसा मागे."

अशा रीतीनं मी, डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक, तेलकट हातांच्या जिग्नेशभाईंना घट्ट धरून, मोटारसायकलवर मागे बसून वेवजीला पोचलो. मुलं रस्त्याशीच उभी होती. माझ्यामागे गाडी येते का, म्हणून दोन-तीन जण वाकून वाकून बघत होती.

"सर, गाडी कुठाय?"

"तलासरीला. तापली."

"का तापली, सर?" वर्गात शिरल्या शिरल्या पुढच्या बाकावरच्या संगीतानं विचारलं. हुशार मुलगी आहे. "पाणी संपलं होतं? मग आधी बघितलं नव्हतं का, सर?"

सगळ्या वर्गाचे डोळे माझ्यावर. मी खिशातून खडू काढला, फळ्याकडे वळलो आणि म्हणालो,

"बसा खाली. हा प्रश्न परीक्षेला येत नाही."